हार्मोन, इंजेक्शन आणि आपलं काळीज

(चेंबूर इथे झालेल्या आरोग्य सत्रात आमच्या क्षेत्र समन्वयक ताईंनी केलेलं भाषण. गावाकडच्या ज्या गटांना येता आलं नाही, त्यांच्यासाठी इथे देत आहोत.)



आज मी बचत, हप्ता, व्याज यातलं काहीच बोलणार नाहीये. मागच्या रांगेत हसू आलेलं दिसतंय मला! आजचा विषय आहे हृदयाचा स्नायू, आणि त्या स्नायूला कमी-जास्त वाढायला लावणारे स्टिरॉइड हार्मोन. नाव ऐकून वाटेल, हे आपल्याला काय करायचंय? पण गुडघेदुखीची गोळी, पोराचं जिममधलं इंजेक्शन आणि बाईचं पिशवीचं ऑपरेशन, या तिन्ही गोष्टी याच विषयात येतात. यातली एक तरी गोष्ट नाही असं घर आपल्या गटांत शोधावं लागेल.

आधीच सांगते, मी डॉक्टर नाही. समाजकार्य शिकले आणि इथे चेंबूरच्या वस्त्यांमध्ये काम करते. औषध कुठलं घ्यायचं ते मी सांगणार नाही. डॉक्टरांना काय विचारायचं, ते सांगणार आहे.

स्टिरॉइड हा शब्द आपल्यातल्या बहुतेकींनी करोनात पहिल्यांदा ऐकला. २०२० च्या जूनमध्ये इंग्लंडमधल्या एका मोठ्या चाचणीतून कळलं, की डेक्सामेथासोन नावाच्या स्वस्त स्टिरॉइडने व्हेंटिलेटरवरच्या पेशंटांमधले मृत्यू साधारण एक तृतीयांशाने कमी होतात. पुढच्याच वर्षी, २०२१ च्या उन्हाळ्यात, आपल्याकडे काळ्या बुरशीने लोकांचे डोळे गेले, जबडे काढावे लागले. साखर वाढलेली आणि वरून स्टिरॉइड, अशा पेशंटांना ती बुरशी जास्त झाली. म्हणजे एकाच औषधाने जीव वाचवलाही आणि घातही केला. तेव्हापासून स्टिरॉइड म्हटलं की आपल्याला धसकाच बसतो.

पण बायांनो, स्टिरॉइड हे काही एकाच औषधाचं नाव नाही. ते एक मोठं खानदान आहे. आपलं शरीर कोलेस्टेरॉलपासून ही रसायनं रोज बनवतं. मूत्रपिंडाच्या डोक्यावर टोपीसारखी एक छोटी ग्रंथी असते. तिथे दोन बनतात. एक कॉर्टिसोल, ताणाच्या वेळी धावून येणारं. दुसरं अल्डोस्टेरॉन, अंगातलं मीठ-पाणी राखणारं. आपल्या अंडाशयात इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन बनतात, म्हणजे ज्यांच्यामुळे पाळी येते ते. पुरुषांच्या अंडकोशात टेस्टोस्टेरॉन बनतं, ज्याने दाढी-मिशी येते. बायकांतही ते थोडं असतंच. ही सगळी एकाच घराण्यातली भावंडं, आणि हृदयाच्या स्नायूवर यांचं लक्ष असतं.

आता हृदयाकडे येऊ. आपण छातीवर हात ठेवून काळीज म्हणतो. खाटकाकडे कलेजी मागितली तर मात्र तो यकृत देतो! ते असो. माझं बोलणं छातीतल्या, दिवसाला सुमारे एक लाख वेळा धडधडणाऱ्या मुठीएवढ्या स्नायूबद्दल आहे. बाईचं हृदय साधारण पाव किलोचं असतं.

हा स्नायू पेशींचा बनलेला आहे. कातडी खरचटली तर नवी येते, कारण तिथल्या पेशी एकीच्या दोन, दोनाच्या चार अशा होत राहतात. हृदयाच्या स्नायूपेशींचं तसं नाही. बाळ जन्मल्यानंतर थोड्याच काळात त्या जवळजवळ वाढायच्या थांबतात, म्हणजे संख्येने. हे मोजलं कसं, ते मला फार आवडलं म्हणून सांगते. इथून जवळ ट्रॉम्बेला अणुसंशोधन केंद्र आहे, म्हणून अणू हा शब्द चेंबूरकरांना नवा नाही. जगात १९५५ ते १९६३ च्या दरम्यान मोठ्या देशांनी उघड्यावर अणुबॉम्बच्या चाचण्या केल्या. त्यामुळे हवेत एक खास प्रकारचा कार्बन वाढला आणि अन्नातून माणसांच्या पेशींत गेला. २००९ साली स्वीडनच्या शास्त्रज्ञांनी तोच कार्बन तपासून हृदयाच्या पेशींचं वय काढलं. पंचविशीत वर्षाला शंभरातली जेमतेम एक पेशी नवी होते, आणि पंचाहत्तरीला अर्धीसुद्धा नाही. म्हणजे आज तुमच्या छातीत जे धडधडतंय, त्यातलं बरंचसं तुमच्या लहानपणापासूनचंच आहे.

मग काम वाढलं तर हृदय काय करतं? नवीन माणसं मिळत नाहीत म्हटल्यावर आहेत त्यांनाच जाड व्हावं लागतं. एकेक पेशी फुगते, तिच्यात आकुंचनाचे धागे वाढतात आणि हृदयाची भिंत जाड होते.

जाड होणं दरवेळी वाईट नसतं. तुम्ही गरोदर होतात तेव्हा अंगातलं रक्त जवळजवळ दीडपट झालं होतं. ते रक्त फिरवायला हृदयही मोठं झालं होतं. भार होताच, शिवाय हार्मोनही होते. बाळंतपणानंतर काही महिन्यांत ते पुन्हा पहिल्यासारखं झालं. पोटाचं सगळे बघतात, डोहाळजेवण करतात. छातीतल्या या वाढीचं कुणी नावही घेत नाही. शेतात खपणाऱ्या बाईचं, धावणाऱ्या मुलीचं हृदयसुद्धा असंच चांगल्या अर्थाने दणकट होतं. त्याला रक्त नीट मिळतं, ते मऊ राहतं, सैल पडतं, पुन्हा भरतं.

दुसरी वाढ वाईट. बीपी वर्षानुवर्षं वाढलेलं असेल, किंवा बाहेरून चुकीचा हुकूम येत असेल, तर भिंत जाड होते पण कडक होते. पेशींच्या मधे चिवट धागे साचतात, जखमेच्या व्रणासारखे. अशी भिंत नीट सैल पडत नाही, म्हणून रक्त कमी भरतं. पुढे हृदय थकतं. मग जिना चढताना दम लागतो, पाय सुजतात, रात्री उशी उंच घ्यावी लागते.

आता हे हार्मोन पेशीला हुकूम देतात कसा? बाकीचे बरेच हार्मोन पेशीच्या दारात उभे राहून निरोप देतात आणि बाहेरूनच जातात. स्टिरॉइड घराण्याची रीत वेगळी. ती चरबीत विरघळणारी असल्यामुळे पेशीच्या भिंतीतून सरळ आत शिरतात. आत त्यांची वाट बघणारा एक प्रथिनाचा कण असतो, त्याच्याशी त्यांची जोडी जमते. ही जोडी थेट घरातल्या कपाटापर्यंत जाते, जिथे आईबापांकडून आलेले कागद ठेवलेत, म्हणजे आपले जनुक. तिथे ती एखादा कागद उघडते आणि सांगते, हे प्रथिन जास्त बनव. दुसरा बंद करते आणि सांगते, हे थांबव. म्हणून स्टिरॉइडचा असर खोल असतो आणि लवकर पुसला जात नाही.

इथे मला एका बैठकीचं सांगायचंय. गटाचं आणि गावाचं नाव घेत नाही. एका ताईने अंतर्गत कर्ज मागितलं, दहा हजार. कारण लिहिलं, 'मुलाची पावडर'. मुलगा गावाहून चेंबूरला मामाकडे राहायला आलेला, पोलीस भरतीची तयारी करतोय, जिमला जातो. अध्यक्ष ताईंनी विचारलं, कसली पावडर एवढी महाग? तेव्हा कळलं की पावडर होती दोन हजाराची, बाकीचा 'कोर्स' होता. कोर्स म्हणजे इंजेक्शनं. कोण देणार? तर जिममधलाच एक ओळखीचा.

ती इंजेक्शनं म्हणजे टेस्टोस्टेरॉन किंवा त्याच्यासारखी कारखान्यात बनवलेली औषधं. टेस्टोस्टेरॉन प्रयोगशाळेत पहिल्यांदा बनलं १९३५ साली, आणि ज्यांना आजारामुळे ते बनतच नाही अशा पुरुषांना डॉक्टर आजही देतात. ठरलेल्या मापात, रक्त तपासून. जिममधली मात्रा त्याच्या दहापट, कधी त्याहूनही जास्त असते. दंड फुगतात हे खरं आहे. पोरगं खोटं बोलत नाही. पण दंडाच्या स्नायूत ज्या कणाशी टेस्टोस्टेरॉनची जोडी जमते, तोच कण हृदयाच्या स्नायूतही असतो. अमेरिकेतल्या संशोधकांनी १९९८ मध्ये हृदयाच्या पेशी काचेच्या बशीत वाढवून त्यावर हे हार्मोन घातलं, तर पेशी मोठ्या झाल्या. इंजेक्शनला कोण सांगणार, बाबा रे दंडात थांब, छातीत जाऊ नको?

२०१७ साली त्याच देशातला एक अभ्यास आला. वजन उचलणारे १४० पुरुष, सगळे पस्तिशी ते पन्नाशीच्या आसपासचे. ८६ जणांनी वर्षानुवर्षं ही स्टिरॉइडं घेतलेली, ५४ जणांनी कधीच नाही. हृदय एका ठोक्यात आत आलेल्या रक्तापैकी किती बाहेर ढकलतं, ते सोनोग्राफीसारख्या तपासणीने मोजलं. न घेणाऱ्यांचं सरासरी ६३ टक्के, घेणाऱ्यांचं ५२. व्यायाम दोघांचा सारखाच. शिवाय घेणाऱ्यांच्या हृदयाच्या नळ्यांत चरबीचा थरही जास्त सापडला. आणखी एक गोष्ट, सासूबाईंच्या कानावर घालण्यासारखी: बाहेरून भरमसाट टेस्टोस्टेरॉन आलं की शरीर स्वतःचं बनवणं बंद करतं, शुक्रजंतू कमी होतात. मग लग्नानंतर दोष कुणाला लागतो, ते तुम्हाला माहीतच आहे.

त्या बैठकीत कर्ज नामंजूर झालं. मला ते योग्यच वाटलं, पण नामंजूर करून विषय संपत नाही. पोराला भरती व्हायचंय, त्याची घाई खरी आहे. ताईने त्याला काय सांगायचं? प्रथिनाची पावडर आणि इंजेक्शन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आधी. पावडर नसली तरी अंडी, हरभरा, शेंगदाणे, दूध, डाळ आहेच. ही इंजेक्शनं डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकणं बेकायदा आहे, हे दुसरं. आणि घेऊन झालेली असतील तर ओरडायचं नाही. ओरडलं की पोरं लपवतात. दवाखान्यात नेऊन बीपी आणि ईसीजी काढायचा आणि डॉक्टरांना खरं सांगायचं. चेंबूरकरांना गोवंडीचं शताब्दी रुग्णालय जवळ आहे, हृदयाच्या मोठ्या तपासण्यांसाठी सायन आणि केईएम आहे. पाठ फुटल्यासारखे मोठे फोड, छातीत धडधड, चिडचिड वाढलेली, अशी लक्षणं दिसली तर आईने विचारायलाच हवं.

आता जो भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो त्याकडे येते. पिशवीचं ऑपरेशन.

टेस्टोस्टेरॉनचा हुकूम वाढीचा, तर इस्ट्रोजेनचा हुकूम पुष्कळदा आवराचा असतो. हृदयावर भार आला तरी भिंत वेडीवाकडी जाड होऊ नये, चिवट धागे साचू नयेत, नळ्या मऊ राहाव्यात, याकडे ते बघतं. प्रयोगशाळेत उंदरांच्या माद्यांचे अंडाशय काढले आणि हृदयावर भार टाकला, तर हृदय जास्त जाड झालं. इस्ट्रोजेन परत दिलं तर कमी झालं. बाईला पाळी सुरू आहे तोवर हृदयविकार पुरुषांपेक्षा कमी, आणि पाळी गेल्यावर हळूहळू बरोबरीला, यामागे जी कारणं आहेत त्यातलं हे एक. आपल्या देशात पाळी साधारण सेहेचाळीस-सत्तेचाळीसच्या सुमारास जाते.

आता बीडकडे बघा. तुमच्यातल्या कितीतरी जणींचं माहेर-सासर त्या बाजूला आहे, आणि १९७२ च्या दुष्काळानंतर मराठवाड्यातून आलेली माणसं मुंबईच्या या पूर्वेकडच्या वस्त्यांत राहिली आहेत. २०१९ साली ऊसतोड कामगार बायांच्या पिशव्या काढल्याच्या बातम्या आल्या. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली सरकारने समिती नेमली. बीड जिल्ह्यातल्या सुमारे ८२ हजार ऊसतोड बायांची पाहणी झाली, त्यातल्या तेरा हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली निघाली. दर सहा जणींमागे एक. देशाच्या आरोग्य पाहणीत हे प्रमाण पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या शंभर बायांत साधारण तीन आहे.

का काढल्या? कोयत्यावर नवराबायकोची जोडी धरतात, उचल आधीच घेतलेली, एक दिवस खाडा झाला तर दंड. फडात पाणी नाही, आडोसा नाही. अंगावरून जातंय, पोट दुखतंय म्हणून बाई दवाखान्यात गेली, तर कुणीतरी सांगितलं, काढून टाका, नाहीतर कॅन्सर होईल. मुलं झालेली आहेत, आता पिशवीचं काय काम? तिशीतल्या पोरी आहेत हो त्या. माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठ्या.

इथे एक फरक नीट ऐका. पिशवी म्हणजे गर्भाशय. हार्मोन गर्भाशयात बनत नाहीत, ते अंडाशयात बनतात, दोन बाजूंना बदामाएवढे दोन. नुसती पिशवी काढली आणि अंडाशय ठेवले, तर पाळी थांबते पण हार्मोन चालू राहतात. मात्र तेही काही वर्षं आधी थकू शकतात. पिशवीबरोबर दोन्ही अंडाशयही काढले, तर इस्ट्रोजेन त्याच दिवशी खाली कोसळतं. पाळी नैसर्गिकपणे जाते तेव्हा शरीराला सवय व्हायला काही वर्षं मिळतात, इथे एक रात्रही मिळत नाही. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकने अशा बायांचा अनेक वर्षं पाठपुरावा केला. पंचेचाळिशीच्या आत दोन्ही अंडाशय काढलेल्या आणि नंतर इस्ट्रोजेन न मिळालेल्या बायांमध्ये हृदयाच्या आजाराने मरण्याचं प्रमाण जास्त निघालं.

आपल्याला काय काढलंय, हेच किती जणींना माहीत नाही! म्हणून डिस्चार्जचा कागद शोधा. त्यावर इंग्रजीत टीएएच असं लिहिलेलं असेल तर पोट उघडून गर्भाशय काढलं. पुढे बीएसओ असंही लिहिलं असेल तर दोन्ही बाजूंचे अंडाशय आणि नळ्याही काढल्या. ही तीन अक्षरं असतील आणि तुमचं वय तेव्हा पंचेचाळीसच्या आत असेल, तर स्त्रीरोगतज्ज्ञांना जाऊन सांगा. हार्मोनच्या गोळ्या द्यायच्या की नाही ते तेच ठरवतील. शेजारणीला चालल्या म्हणून आपण घ्यायच्या नाहीत. २००२ साली अमेरिकेतली एक मोठी चाचणी मधेच थांबवावी लागली, कारण हृदय वाचेल म्हणून दिलेल्या हार्मोनच्या गोळ्यांनी हृदयविकार, पक्षाघात आणि स्तनाचा कॅन्सर वाढला. त्या बाया सरासरी त्रेसष्ट वर्षांच्या होत्या, पाळी जाऊन बरीच वर्षं झालेल्या. तिशीत अंडाशय गेलेल्या बाईची गोष्ट वेगळी आहे. म्हणूनच निर्णय डॉक्टरांचा.

ज्यांना कुणी आज ऑपरेशन करा म्हणतंय, त्यांनी दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यावं, शक्यतो सरकारी दवाखान्यातल्या. आणि ऑपरेशन खरंच लागणार असेल तर विचारावं, 'अंडाशय ठेवणार का? काढणार असाल तर का?' अनावश्यक पिशवी काढणं थांबवण्याच्या केंद्राच्या सूचना लागू करा, असं सुप्रीम कोर्टाने २०२३ साली सगळ्या राज्यांना सांगितलेलं आहे. तुमचा प्रश्न म्हणजे आगाऊपणा नाही.

आता उरलेलं भराभर सांगते, चहा आलाय.

सांधेदुखीवर बाजारच्या दिवशी पुडीत बांधून मिळणाऱ्या गोळ्या. एका दिवसात गुडघा मोकळा झाला, भूक लागली, चेहरा गोल आणि तुकतुकीत दिसायला लागला, तर पुडीत कॉर्टिसोलचं भावंड असण्याचा संशय घ्या. महिनोन्महिने घेतलं तर साखर वाढते, बीपी वाढतं, हाडं ठिसूळ होतात आणि हृदयाची भिंत जाड होते. पण ऐका, बरेच दिवस घेत असाल तर आज घरी जाऊन एकदम बंद करू नका. शरीराने स्वतःचं बनवणं थांबवलेलं असतं, एकदम तोडलं तर जीवावर बेतू शकतं. पुडी घेऊन दवाखान्यात जा, ते हळूहळू कमी करतील.

सुनेला किंवा लेकीला सात-आठ महिन्यांतच कळा सुरू झाल्या आणि नर्सने डेक्सामेथासोनचं इंजेक्शन काढलं, तर आज ऐकलेलं आठवून नको म्हणू नका! सहा-सहा मिलिग्रॅमची चार इंजेक्शनं असतात, बारा-बारा तासांनी. त्याने लवकर येणाऱ्या बाळाची फुप्फुसं तयार होतात. ही युक्ती न्यूझीलंडमध्ये मेंढीच्या कोकरांवरून सापडली, आणि १९७२ मध्ये आयांवर घेतलेल्या चाचणीत खरी ठरली. पोटातल्या बाळाच्या हृदयाच्या पेशी पिकायलाही याच घराण्यातलं हार्मोन लागतं.

आणि अल्डोस्टेरॉन, मीठ राखणारं. ते वाढलं की बीपी वाढतं आणि हृदयात ते चिवट धागे साचतात. त्याला अडवणाऱ्या स्पायरोनोलॅक्टोन नावाच्या जुन्या गोळीने हृदय थकलेल्या पेशंटांमधले मृत्यू तीस टक्क्यांनी कमी झाले, हे १९९९ मध्ये दिसलं. ते हार्मोन आणि जास्त मीठ एकत्र आलं तर नुकसान जास्त. दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ खा, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणजे एक छोटा चमचा, त्यात पापड-लोणच्यातलंही आलं. पापड-लोणचं विकणाऱ्या गटांसमोर हे बोलायला मला जरा भीती वाटते. विका हो, पण घरी खाताना बीपीची गोळी चालू असलेल्यांनी हात आवरा.

पुढच्या मासिक बैठकीला मी बीपीचं मशीन घेऊन येते. ज्यांचं ऑपरेशन झालंय त्यांनी डिस्चार्जचा कागद आणा, आपण बाजूला बसून दोघीच वाचू. कागद हरवला असेल तर ऑपरेशनचं साल आणि दवाखान्याचं नाव एका चिठ्ठीवर लिहून आणा, नक्कल मिळते का ते विचारू. आणि ज्या ताईंच्या घरी ती पुडी आहे, त्यांनी पुडी फेकू नका, ती पण घेऊन या.